फाटक कोणासाठी बंद? खामगावच्या कापूस लाईनवरचं एक रेल्वे फाटक, १:८७ मापात

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेचसे काढलेत, सगळे काढले नाहीत.

आजचा विषय आहे रेल्वे फाटक. तेही मॉडेलमधलं, टेबलावर मावणारं. आता इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये खेळण्यातली रेल्वे कुठून आली, असं कोणी म्हणेल. पण म्हणजे बघा, इंजिनाचं मॉडेल करायचं तर इंजिनाचा फोटो पुरतो. स्टेशनचं करायचं तर नकाशा पुरतो. फाटकाचं मॉडेल करायला बसलात की पहिला प्रश्न येतो तो सालाचा. गेट झुलतं की वर उचललं जातं? रस्ता मातीचा की डांबराचा? वर विजेची तार आहे का? पाटीवर कुठली भाषा? यातली प्रत्येक गोष्ट सांगते की आपण कुठल्या दशकात उभे आहोत. आणि सगळ्यांच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे: रस्ता आणि रूळ एकाच जागेवरून जातात, तर थांबायचं कोणी?

मी मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला, खामगावच्या बाजूचा. नोकरी पुण्यात, दिवसभर कोड. आपल्याकडे मॉडेल रेल्वे म्हटलं की पहिलं नाव येतं ते कोथरूडच्या जोशी संग्रहालयाचं. भाऊ जोशींनी आयुष्यभर जमवलेला आणि बनवलेला तो सगळा पसारा १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी खुला झाला. तिथलं माप एचओ, म्हणजे मूळ वस्तूच्या एक सत्त्याऐंशीअंश. शो बघताना पोरं गाड्या बघतात. मी बघतो ती गाडी जाताना रस्त्यावर थांबलेली वाहनं. माझ्या मते मॉडेलला जीव येतो तो या थांबलेल्यांमुळे. नुसती धावणारी गाडी यंत्र वाटते. तिच्यासाठी कोणीतरी खोळंबलं आहे हे दिसलं की गाव वाटतं.

तर मी निवडलं ते जलंब ते खामगाव या शाखेवरचं एक फाटक. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, १८५३ ला मुंबई-ठाणे धावली आणि १८६७ ला नागपूरला पोचली. आपल्या जिल्ह्यात तिने पूर्णा खोऱ्याची सपाट वाट धरली: मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. खामगाव दक्षिणेला राहिलं. आणि खामगाव तर कापसाचं गाव. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि मँचेस्टरवाल्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर पडली. त्याआधी हाच कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार मिर्झापूरपर्यंत जायचा. एवढा कापूस ज्या गावात जमतो ते गाव रुळांपासून जेमतेम आठ मैलांवर, हे सरकारला परवडणारं नव्हतं. म्हणून आठ मैलांचा फाटा टाकला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते तो सुरू झाला. नाव खामगाव स्टेट रेल्वे, कारण ही लाईन सरकारी होती. गंमत अशी की त्याच साली मेयोच्या सरकारने सरकारी रेल्वेसाठी स्वस्तातलं मीटर गेज पसंत केलं. खामगावचा फाटा मात्र मुख्य मार्गासारखाच ब्रॉडगेज, साडेपाच फुटी.

या फाट्याबद्दल लिहिलेलं काहीही उघडा, कापसाच्या गाठी सापडतात, व्हाइसरॉय सापडतो. पण त्या आठ मैलांत जे जे गाडीरस्ते रुळांनी मधोमध कापले, त्यांच्याबद्दल फार कोणी लिहिलेलं नाही. कापूस काही आपणहून जलंबला येत नव्हता. तो बंडीतून येत होता. मातीत लोखंडी धावेच्या चाकांनी पाडलेली चाकोरी आणि तिला आडवी गेलेली लोखंडाची चाकोरी, या दोन्हींची गाठ जिथे पडते ते फाटक.

थांबायचं कोणी, याचं उत्तर हिंदुस्थानात गाडी येण्याआधीच इंग्लंडमध्ये देऊन झालं होतं. तिथल्या १८४२ च्या कायद्याने ठरवलं की फाटकं एरवी रस्त्यावर आडवी लावलेली असावीत, आणि १८४५ च्या कायद्याने ते आणखी पक्कं केलं. म्हणजे ‘बंद’ ही फाटकाची नेहमीची अवस्था आणि ‘उघडं’ हा अपवाद. इथे रूळ टाकणारे इंजिनिअर तिकडचेच, त्यांनी विचारही तोच आणला. आपल्या रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत आजही मूळ भूमिका हीच आहे: फाटक रस्त्यावर कायम बंद, आणि सुरक्षित असेल तेव्हाच रस्त्याच्या वाहतुकीसाठी उघडायचं. रहदारीच्या ठिकाणी एरवी उघडं ठेवायचं तर त्यासाठी वेगळी परवानगी लागते. आपण म्हणतो, ‘फाटक लागलं’. नियमाच्या भाषेत ते लागलेलंच असतं, आपल्यासाठी थोडा वेळ उघडतं.

१८९० च्या रेल्वे कायद्यात कुंपण, फाटक, साखळ्या, आडवे दांडे यांचं कलम आहे, तेराव्या क्रमांकाचं. साखळी हा शब्द मला त्यात फार आवडला. खेड्यातल्या रस्त्याला झुलतं लाकडी गेट कशाला, दोन खांबांत साखळी टाकली की झालं. मॉडेलवाल्याला हे वरदान आहे, कारण दागिन्यांच्या दुकानात मिळणारी सगळ्यात बारीक साखळी त्या मापाला बऱ्यापैकी चालून जाते.

आता टेबलावर येऊ. माझा बोर्ड चार फूट बाय दोन फूट. १:८७ मध्ये चार फूट म्हणजे खऱ्या जगातले सुमारे १०६ मीटर. जलंब ते खामगाव पूर्ण लाईन करायची म्हटली तर बोर्ड दीडशे मीटर लांब लागेल, म्हणजे माझ्या सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडून पुढच्या चौकापर्यंत. फाटकाआधी ६०० मीटरवर ड्रायव्हरला शिट्टी वाजवायची आठवण देणारी पिवळी पाटी असते, तिच्यावर ‘सी/फा’ लिहिलेलं असतं, सीटी-फाटक. ती पाटी मापाने लावायची तर जवळजवळ सात मीटर लांब लागेल. म्हणजे शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये. ती पाटी मी लावलीच नाही. बोर्डच्या कडेला आणून जवळ लावता आली असती, बरेच जण तसं करतात. पण ६०० मीटरचा आकडा चाळीस मीटरवर आणून ठेवला की खोटा होतो.

रुळांची गोष्ट याहून अवघड. बाजारात मिळणारा एचओ ट्रॅक १६.५ मिलिमीटर रुंद. त्याला ८७ ने गुणा, १४३५ मिलिमीटर येतात. हे युरोप-अमेरिकेचं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे १:८७ ला १९.३ मिलिमीटर व्हायला हवं. जवळजवळ तीन मिलिमीटरचा फरक. कागदावर किरकोळ वाटतो, पण फाटकावर डोळ्यात भरतो, कारण तिथे रुळांच्या मधोमध बैलजोडी उभी असते. दोन रुळांत दोन बैल शेजारी शेजारी ऐसपैस मावतात हे ज्याने खरं पाहिलंय त्याला तो ट्रॅक चिंचोळा दिसणारच. उलटा हिशोब केला तर १६.५ मिलिमीटर ट्रॅकवर ब्रॉडगेज बरोबर दिसायला माप साधारण १:१०२ हवं, आणि त्या मापात इंजिन, डबे, माणसं काहीच तयार मिळत नाही. म्हणून फाटकापुरते रूळ हाताने टाकायचे असं ठरवलं. त्यावरून मॉडेलचं इंजिन धावणार नाही. चालेल. मला इंजिन धावायला नकोच होतं, फाटक हवं होतं.

त्याचा आणखी एक फायदा झाला. फाटकावर प्रत्येक रुळाला आतून समांतर एक दुसरा रूळ असतो, चेक रेल. दोघांच्या मधल्या फटीतून चाकाची आतली कड जाते. ती फट नसती तर रस्त्याची खडी आणि डांबर रुळाला येऊन भिडलं असतं आणि चाक वर चढलं असतं. आपल्या ब्रॉडगेजवर ही फट किमान ५१ आणि कमाल ५७ मिलिमीटर ठेवायची असते. सहा मिलिमीटरचीच मोकळीक! कमी ठेवली तर चाक अडेल, जास्त ठेवली तर सायकलचं चाक नाहीतर गुराचं खूर तिच्यात जाईल. आता १:८७ ला ५१ मिलिमीटर म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या आत. व्हिजिटिंग कार्डाचे दोन तुकडे एकावर एक ठेवा, तेवढं. पण मॉडेलच्या चाकांना सव्वा मिलिमीटरच्या आसपास फट लागते, म्हणजे खऱ्या जगात जवळपास अकरा सेंटिमीटर. अशा खाचेत बंडीचं चाक गेलं तर बाहेर काढायला चार माणसं लागतील. परदेशी किटमधली फाटकं कितीही सुबक असली तरी मला खेळण्यासारखी का वाटतात, त्याचं अर्धं कारण ही खाच. माझ्या फाटकावर गाडी धावायची नसल्याने मी फट मापाची ठेवली. त्या दोन ओळी सोडून बाकी सगळं जरा उन्नीस-बीस झालं तरी चालतं असं माझं मत झालंय.

उरलेलं अर्धं कारण रंग. काळी माती काळी नसते. कोरडी असली की राखाडी, त्यात भेगा. पाऊस पडला की काळी. रूळ खडीवर उंच, शेतं खाली, म्हणून रस्ता फाटकापाशी चढतो आणि उतरतो. त्या चढावर मुरूम टाकलेला असतो, आणि बंड्या खालची काळी माती चाकाला लावून त्याच्यावर आणतात. त्यामुळे फाटकाच्या दोन्ही बाजूंना मुरमाचा तांबडा रंग मळत मळत काळपट होत जातो आणि मधल्या रुळांपाशी तेलाचा डाग. हे मी वाळवलेली चहापूड, चाळलेली माती आणि पातळ केलेल्या फेविकॉलने केलं. घरात आठवडाभर टपरीचा वास होता.

साल ठरवलं १९७० च्या दशकाचा मध्य, महिना डिसेंबर. कारणं सरळ आहेत. मुख्य मार्गावर विजेची तार १९९० च्या आसपास आली. तार आली की फाटकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कमान येते, उंच भरलेलं वाहन तारेला लागू नये म्हणून. तिची उंची ४.६७ मीटर, मॉडेलमध्ये साडेपाच सेंटिमीटरच्या आत. कमान उभी केली की रस्त्यावरचं आभाळच बदलतं. मला मोकळं आभाळ आणि वाफेचं इंजिन हवं होतं. दुसरं, १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. सरकारी केंद्रावर कापूस न्यायचा, मोजायचा, पावती घ्यायची, त्यामुळे हंगामात खामगावकडे बंड्यांची रांगच रांग. लोखंडी धावेच्या आणि टायरच्या बंड्या, अधूनमधून ट्रक, आणि लाल डबा. सगळे एका फाटकापाशी. आमचे आजोबा त्या रांगेत असायचे. ते म्हणायचे, “फाटक लागलं का बैलाले सोडाचं नाही, नुसतं जू खाली टेकवाचं. गाडी गेली का मंग पुन्हा उचलाचं.” माझ्या मॉडेलमधल्या पहिल्या बंडीचं जू म्हणूनच जमिनीला टेकलेलं आहे. हे कुठल्या गॅझेटिअरमध्ये नाही.

बंडीत भरलेला कापूस खरा आहे, बांबूच्या तट्ट्यांच्या जागी झाडूच्या काड्या. कापूस पिंजून पिंजून इतका बारीक करावा लागतो की शेवटी तो धुक्यासारखा दिसतो.

गेटमनची खोली मी जरा जास्त वेळ घेऊन केली. आत लाल-हिरवे झेंडे, रंग बदलणारा कंदील, आणि डेटोनेटर, म्हणजे रुळावर बसवायचे फटाके. फाटकात ट्रक बंद पडला तर गेटमनने काय करायचं? फोन आहेच, पण फोन लागो न लागो, झेंडा घेऊन गाडीच्या दिशेने पळायचं. ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक फटाका लावायचा, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की धडाका होतो आणि ड्रायव्हरला कळतं की पुढे काहीतरी अडलंय. सव्वा किलोमीटर पळत जाणारा एकटा माणूस, समोरून गाडी. नियमपुस्तकात ही दोन-तीन ओळींची गोष्ट आहे.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना फाटकाची रचना लगेच ओळखीची वाटते. एक जागा, दोन दावेदार, कुलूप एकाकडेच. जिथे फाटक सिग्नलला जोडलेलं असतं तिथे फाटक बंद झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होतच नाही. जिथे नसतं तिथे स्टेशन मास्तर फोनवरून गाडी येत असल्याचं सांगतो, गेटमन फाटक लावतो आणि उलट एक आकडा सांगतो, प्रायव्हेट नंबर. तो आकडा दोघांच्या वहीत उतरला की पुरावा झाला. आम्ही ज्याला ॲकनॉलेजमेंट म्हणतो तेच, पेन आणि वहीने.

आता एक आकडेमोड, जिच्यामुळे हा सगळा भाग करावासा वाटला. फाटकावर किती ताण आहे हे रेल्वे ‘टीव्हीयू’ने मोजते. दिवसभरात किती गाड्या गेल्या गुणिले रस्त्यावरून किती वाहनं गेली. ट्रक असो की बैलगाडी, एक एकक. सायकलरिक्षा, ऑटोरिक्षा अर्धं. गुणाकार एक लाखाच्या वर गेला की रेल्वे आणि राज्य सरकार यांच्यात खर्च वाटून उड्डाणपूल मिळू शकतो. म्हणजे दिवसाला शंभर गाड्यांच्या मुख्य मार्गावर हजार वाहनं पुरतात. दहा गाड्यांच्या शाखेवर दहा हजार वाहनं लागतील. इथपर्यंत ठीक, दहाच गाड्या असतील तर खोळंबाही कमी. पण या गुणाकारात चालणारा माणूस नाही. डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन वेचणीला निघालेल्या पंधरा बाया फाटकापाशी उभ्या असतील तर त्यांची बेरीज शून्य. माझ्या मॉडेलमध्ये त्या सगळ्यात पुढे आहेत, दांडीखाली लोंबणाऱ्या सळ्यांच्या झालरीला जवळजवळ टेकून.

आणि जिथे गुणाकार फारच कमी भरायचा तिथे गेटमनच नव्हता. नुसता रूळ ओलांडणारा रस्ता आणि एक पाटी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १३१ वं कलम अशाच जागेसाठी आहे: वाहन थांबवा, कंडक्टर किंवा क्लीनरने उतरून चालत रुळापर्यंत जावं, दोन्हीकडे गाडी नाही ना बघावं, मग वाहन न्यावं. सोबत कोणी नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरावं. म्हणजे गेटमनचं काम कायद्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांवर सोपवलं. फेब्रुवारी २००५ मध्ये नागपूर जिल्ह्यात कन्हानजवळ अशाच एका ठिकाणी लग्नाची मंडळी घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला गाडीने उडवलं. पन्नासहून जास्त माणसं गेली.

२०१२ मध्ये अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने शिफारस केली की पाच वर्षांत सगळीच लेव्हल क्रॉसिंग काढून टाका, गेटमन असलेली आणि नसलेली दोन्ही. पाच वर्षांत ते झालं नाही, पण ब्रॉडगेजवरची गेटमन नसलेली फाटकं जानेवारी २०१९ अखेर संपली. उरलेल्यांच्या जागी एकेक करून पूल नाहीतर भुयारी रस्ता येतो आहे. हे चांगलंच आहे, यात मला काडीची शंका नाही. फाटकाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी कन्हानची बातमी एकदा वाचावी. भुयारी रस्त्यात पावसाळ्यात कमरेएवढं पाणी साचतं हा वेगळा भाग झाला, त्यावर बोलायला एक स्वतंत्र एपिसोड लागेल.

पण फाटक काढलं की त्याच्यासोबत गेटमनची खोली पाडली जाते, चेक रेल उखडून नेतात, चढाचा मुरूम शेतात पसरतो. दोन पावसाळ्यांत तिथे काही होतं हे ओळखू येत नाही. इंजिनं संग्रहालयात जातात. फाटकासाठी जागा कोणी ठेवत नाही, आणि लोकांकडे लग्नाचे, जत्रेचे फोटो असतात, फाटकाचा नसतो. मला १९७५ चं गेट कसं होतं हे ठरवायला जुन्या माणसांशी बोलावं लागलं. तिघांनी तीन प्रकार सांगितले: एकाने साखळी, एकाने झुलतं गेट, एकाने हँडल फिरवून उचलायची दांडी, मध्ये लाल तबकडी असलेली. तिघंही बरोबर असू शकतात, कारण तीन वेगळ्या फाटकांवरून तिघं जायचे. मी दांडी घेतली, आजोबांच्या रस्त्यावरची.

म्हणून श्रोत्यांना एक काम. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, खामगाव या पट्ट्यातलं कुठलंही जुनं फाटक तुमच्या किंवा घरच्यांच्या लक्षात असेल तर कळवा. एवढंच सांगा: साल साधारण कुठलं, गेट कसल्या प्रकारचं, गेटमनची खोली खामगावकडे जाताना डाव्या हाताला की उजव्या, आणि फाटक लागल्यावर लोक करायचे काय. फोटोच्या मागच्या बाजूला कोपऱ्यात फाटक आलं असेल तरी चालेल, पुढे उभ्या मामा-मामींना आम्ही कापणार नाही.

पुढच्या भागात खामगाव-जालना लाईन, जिची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे.